परदेशची सहल आणि उधारीचे कार्ड



चिटणीसांनी विषय कळवला तेव्हा मी त्यांना विचारले, आयुष्यभर गेटसभा घेणाऱ्या माणसाने परदेशच्या सहलीवर काय बोलावे? ते म्हणाले, ‘सहलीवर नको, खिशातल्या कार्डावर बोला.’ मग मी होकार दिला. क्रेडिट कार्ड म्हणजे कर्ज. आणि कर्ज काय असते हे मला सातवीत सुटलेल्या शाळेने नव्हे, पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या सावकाराने शिकवले. तो निदान मागितल्यावर पैसे देई. अमेरिकेत १९५८ साली फ्रेझ्नो शहरात बँक ऑफ अमेरिकाने सुमारे ६०,००० कार्डे कोणी न मागता टपालाने घरोघर पाठवली होती!

असो. आमच्या कारखान्यातले एक स्टोअरकीपर निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून पत्नीसह युरोपला गेले. पस्तीस वर्षे एक नटसुद्धा नोंदीशिवाय बाहेर जाऊ न देणारा हा माणूस. पॅरिसच्या एका दुकानात त्यांनी नातवंडांसाठी खेळणी घेतली. कार्ड लावताच यंत्रावर प्रश्न आला : रक्कम युरोत द्यायची की रुपयांत? परक्या मुलखात रुपयाचे नाव दिसले, त्यांना बरे वाटले. त्यांनी रुपया निवडला.

तो प्रश्न आपुलकीचा नसतो. रुपया निवडला की युरोचा भाव तुमच्या बँकेकडून लागत नाही. दुकानाच्या बाजूची कंपनी तो लावते आणि त्यात आपला नफा धरते. हा भाव युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या भावापेक्षा किती टक्के चढा आहे हे आधी दाखवण्याचे बंधन युरोपीय संघात १९ एप्रिल २०२० पासून आहे. पण मागे रांग खोळंबलेली असताना ती ओळ कोण वाचतो? युरो निवडला तर तुमची बँक आपला आकार घेतेच. तो समजा साडेतीन टक्के असला, तर १०,००० रुपयांच्या खरेदीवर ३५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३, असे ४१३ रुपये जातात. रुपया निवडून हे वाचतील म्हणावे, तर कित्येक बँका तशा व्यवहारावरही स्वतःचा आकार लावतात. म्हणून ज्या देशात असाल तिथलेच चलन निवडा. बँकॉकला बात, दुबईला दिरहम. विक्रेत्याने परस्पर रुपयाचे बटण दाबले, तर पिन घालण्यापूर्वी व्यवहार रद्द करायला सांगा. आकडा न वाचता पगारपत्रकावर सही करू नका, हे मी तीस वर्षे सांगत आलो. यंत्रावरचा पिन ही सहीच आहे. आणि या कार्डावर रोकड काढू नका. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोकडीला नसते. व्याज त्याच दिवसापासून चढते.

हे झाले थोड्या पैशांचे. खरा घाव पुढे बसला. पॅरिस सोडून बस स्वित्झर्लंडकडे निघाली असता त्यांच्या फोनवर लागोपाठ दोन संदेश आले. ज्या दुकानांचे नावही त्यांनी ऐकले नव्हते, तिथे त्यांच्या कार्डावर खरेदी झाली होती. त्यांनी फोन खिशात ठेवला. कोणाला बोलले नाहीत, पत्नीलाही नाही. बसमधली शिकली-सवरलेली मंडळी हसतील, तिच्या सहलीचा विरस होईल, हे मनात. घरी परतून ते बाराव्या दिवशी बँकेत गेले.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवून दिले होते की, चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा फसवणुकीत बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकाला काहीच भुर्दंड नाही. चार ते सात दिवसांत कळवले, तर पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डावर एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यापुढे बँकेचे धोरण काय असेल ते. ग्राहकाची जबाबदारी शाबीत करण्याचे ओझेही बँकेवरच टाकले होते. म्हणजे कायदा आमच्या स्टोअरकीपरच्या बाजूने उभा होता; ते लाजेने गप्प बसले. चार महिने अर्ज करून काही रक्कम मिळाली, काही बुडाली. गिरणीत बोट तुटले तरी साहेबाला न सांगणारे कामगार मी पाहिले आहेत. ही लाज त्याच जातीची.

म्हणून निघण्यापूर्वी बँकेत जाऊन आजचा नियम विचारा. मार्च २०२० पासून नव्या कार्डाचा परदेशी वापर मुळात बंदच ठेवलेला असतो. तो आपण चालू करायचा, रकमेची मर्यादा घालायची आणि परतल्यावर बंद करायचा. परदेशी संकेतस्थळे पुष्कळदा ओटीपी मागत नाहीत. क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे चोराला पुरतात. तिथे गेल्यावर स्वस्त पडते म्हणून आपले सिम काढून टाकू नका, बँकेचा संदेश त्यावरच येतो. आणि कार्ड अडवण्याचा बँकेचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा; फोन आणि पाकीट एकदमच चोरीला जाऊ शकतात.

आमचे स्टोअरकीपर येत्या दिवाळीत सिंगापूरला निघाले आहेत. तो कागद या वेळी वहिनींच्या पर्समध्ये राहणार आहे, असे त्यांनी मला सांगितले.