दान दिलेल्या औषधाची राखण
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



धर्मग्रामाच्या ह्या सुवर्णमहोत्सवीं आपल्या दातृत्वाचा गौरव करण्यास आम्ही उभे आहों. परंतु त्यापूर्वीं एक गोष्ट कबूल केल्यावांचून आमचें समाधान होणार नाहीं. आपण आमच्या लहानशा दवाखान्यास दिलेल्या औषधांच्या कांहीं पेट्या मागें एकदां कपाटांतून नाहींशा झाल्या. बोभाटा होईल, दाते हात आखडता घेतील, ह्या भीतीनें आम्हीं मौन धरिलें. तें मौन चुकीचें होतें.

हा रोग आपल्या कुंपणापुरता नाहीं. आफ्रिकेंतील मलावी देशांत परदेशच्या मदतीनें फुकट वांटण्यासाठीं आलेलीं हिंवतापावरील औषधें चोरीस जाऊन बाजारांत विकलीं जाऊं लागलीं, तेव्हां २०१६ सालीं चोरीची खबर देणारास इनाम जाहीर करावें लागलें. २००२ सालीं असें उघडकीस आलें कीं, आफ्रिकेंतील एड्सच्या रोग्यांसाठीं अल्प दरानें धाडलेलीं औषधें मधल्यामध्यें वळवून युरोपांत विकलीं गेलीं. पुढें अशा गोळ्यांस तांबडा रंग देण्यांत आला. हेतु हा कीं, वळविलेली गोळी पाहतांक्षणींच ओळखूं यावी.

खरें औषध ज्या चोरवाटेनें विकलें जातें, त्याच वाटेनें खोटेंहि शिरतें. कारण तेथें कोणी पावती मागत नाहीं. आग्नेय आशियांतील पांच देशांच्या दुकानांतून घेतलेल्या आर्टेसुनेट ह्या हिंवतापावरील औषधाच्या १०४ नमुन्यांपैकीं शेंकडा ३८ नमुन्यांत तें औषध मुळींच नव्हतें, असें २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें. आई मुलास गोळी देते, ताप उतरण्याची वाट पाहते, आणि उपचाराची वेळ निघून जाते. गोळींत औषधाचा अंश थोडा असला, तर रोगाचे जंतु त्यास निर्ढावतात. मग पुढच्या रोग्यास खरी गोळीहि लागू पडेनाशी होते. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर १० औषधांत १ निकृष्ट वा बनावट असावें, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं दिला.

कोणी म्हणेल, फुकटच्या मालाचा मालक कोण? बंधूंनो, दात्याच्या हातून सुटलें त्या क्षणींच तें औषध एका अनोळखी रोग्याचें झालें. तें चोरणारा सातव्या आज्ञेबरोबर पांचवीहि मोडतो.

म्हणून आजपासून कपाटास दोन कुलुपें राहतील व चाव्या दोघां निरनिराळ्या माणसांच्या हातीं असतील. प्रत्येक पेटीचा क्रमांक व मुदत वहींत लिहिली जाईल, दरमहा मोजणी होईल, आणि रिकामीं वेष्टनें फाडून टाकलीं जातील. नाहींतर त्यांत कोणी खोटा माल भरावयाचा. ती वही कोणासहि पाहण्यास खुली राहील. आपण दान देतां, तसाच त्याचा हिशेबहि आम्हांस मागा. त्यांत आम्ही अपमान मानणार नाहीं.

पहिली मोजणी येत्या रविवारीं मिस्सानंतर होईल. आपण अवश्य यावें.