तापाची पहिली घटका

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंगल प्रसंगी आजाराचा विषय काढावा की काढू नये, असा संकोच आम्हां डॉक्टरांस होता. परंतु परमुलखात जे संकट अपरात्री गाठते, ते आपल्या माणसांत आधीच बोलून ठेवलेले बरे.

मुलाला ताप आला की आपण कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवतो, तापाची गोळी देतो आणि 'सकाळी पाहू' म्हणतो. निरोगी मुलाचे त्यात सहसा बिघडत नाही. कर्करोगावरील औषधे घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र हीच रीत घातक ठरते.

ही औषधे अस्थिमज्जेतील निरोगी पेशींनाही रोखतात. त्यामुळे जंतूंशी झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बहुधा एक-दोन आठवड्यांत फार घटतात. एका घन मिलिमीटर रक्तात त्या ५०० हून कमी झाल्या की धोका वाढतो. १०० च्या खाली तो अतिशय वाढतो. पेशींची ही संख्या आणि जंतुसंसर्ग यांचा संबंध अमेरिकेत बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिला. पू ज्या पेशींचा होतो त्याच नसल्यामुळे पुष्कळदा ना गळू दिसते, ना छातीच्या चित्रात काही आढळते. ताप हीच काय ती वर्दी!

जंतू ओळखू येईपर्यंत थांबावे, तर तोवर रोगी हातचा जाई. म्हणून बाल्टिमोरच्या शिम्फ व सहकाऱ्यांनी ताप येताच दोन प्रतिजैविके सुरू केली आणि १९७१ मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला. औषधे पुढे बदलली, तत्त्व तेच राहिले. तपासणीसाठी रक्त घ्यावे आणि अहवालाची वाट न पाहता, रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात, पहिली मात्रा शिरेतून द्यावी.

बदलीच्या गावी राहणाऱ्या एका वडिलांनी रात्री अकराला गोळी दिली. ताप उतरला, मूल झोपले. पहाटे त्याचे हातपाय गार पडले होते. ते मूल वाचले. असेच आलेले दुसरे वाचले नाही. दोष वडिलांचा नव्हता. 'ताप आला तर या' एवढेच आम्ही सांगितले होते. 'त्याच रात्री या' हे सांगायचे राहिले होते.

म्हणून आज स्पष्ट सांगतो. घरी तापमापक ठेवा, तो काखेत लावा. गुदद्वारात कदापि नको. पारा १००.४ वर गेला की आधी रुग्णालयाला कळवा आणि निघा. त्यांना विचारल्यावाचून तापाची गोळी देऊ नका. उपचाराचे कागद एका पिशवीत तयार असू द्या.

आणि मंडळाकडे एक मागणे. अशा घरी ना आजी असते, ना काका. रात्री दोनला गाडी काढणारा, स्थानिक भाषेत डॉक्टरांशी बोलणारा आणि धाकट्या भावंडाला आपल्या घरी निजवणारा, अशा तिघांची नावे त्या कुटुंबाजवळ असावीत. गणेशोत्सवाच्या कामांची वाटणी आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. तीत एवढ्या एका कामाची भर घालावी, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.