ताळा जुळला, तरी उत्तर अर्धंच?

आजचा विषय गणिताचा आहे, पण वही-पेन घेऊन बसायची गरज नाही. लोकलमध्ये उभे असाल किंवा घरी भांडी घासत असाल, तरी चालेल. समीकरणं छोटी आहेत, डोक्यात मावतील. ज्यांना ती डोळ्यांनी बघायची आहेत त्यांच्यासाठी इथे लिहूनही ठेवली आहेत. माहीत नसलेल्या संख्येला मी ‘क्ष’ म्हणणार आहे.

तर प्रश्न असा. समीकरण सोडवताना आकडेमोड कुठेही चुकली नाही, तरी उत्तर चुकू शकतं का? चुकू शकतं, आणि तेही दोन प्रकारे. एक तर नको असलेलं उत्तर आत घुसतं. नाहीतर हवं असलेलं उत्तर गायब होतं. पहिल्याबद्दल क्लासमध्ये थोडंफार बोललं जातं. दुसरं जास्त धोक्याचं आहे, कारण ते गेल्याचं कळतच नाही.

आगंतुक उत्तर

हे समीकरण घ्या:

√(क्ष + ६) = क्ष

वर्गमूळ नकोसं वाटतं, म्हणून आपण दोन्ही बाजूंचा वर्ग करतो. क्ष + ६ = क्ष². सगळं एका बाजूला आणलं की क्ष² − क्ष − ६ = ०. अवयव पाडले, (क्ष − ३)(क्ष + २) = ०. उत्तरं दोन: ३ आणि −२.

आता ताळा करून बघू. ३ ठेवला तर ९ चं वर्गमूळ ३. जुळलं. −२ ठेवला तर ४ चं वर्गमूळ २, आणि उजवीकडे मात्र −२. जुळत नाही. कारण √ हे चिन्ह म्हणजे ऋण नसलेलं वर्गमूळ, असं ठरलेलं आहे.

मग हे −२ आलं कुठून? आपणच वर्ग करताना त्याला आत घेतलं. दोन संख्या सारख्या असतील तर त्यांचे वर्ग सारखे असतात, हे बरोबर. पण उलट जाता येत नाही. वर्ग सारखे असले तर संख्या सारख्या असतील, किंवा फक्त चिन्हात वेगळ्या असतील. म्हणजे वर्ग करणं हा वन-वे रस्ता आहे. −२ हे −√(क्ष + ६) = क्ष या शेजारच्या समीकरणाचं उत्तर. वर्ग केल्यावर दोन्ही समीकरणं सारखीच दिसतात, म्हणून शेजारचा पाहुणा आपल्या घरात आला.

छेद उडवतानाही असंच होतं:

क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३)

दोन्ही बाजूंना (क्ष − ३) ने गुणलं की क्ष = ३. किती सोपं! पण ३ ठेवला की छेद शून्य होतो, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणजे एकमेव उत्तर मिळालं तेही आगंतुक. या समीकरणाला उत्तरच नाही.

हरवलेलं उत्तर

आता दुसरी बाजू. हे बघा:

क्ष² = ५क्ष

दोन्हीकडे क्ष आहे, उडवून टाकू. क्ष = ५. ताळा केला, २५ बरोबर २५. खूश! पण क्ष = ० ठेवून बघा. ० बरोबर ०. तेही उत्तर आहे. गेलं कुठे?

आपण क्षने भागलं तेव्हा गेलं. भागायचं तर ती संख्या शून्य नसायला हवी. म्हणजे क्ष किती आहे हे शोधायच्या आधीच आपण ठरवून टाकलं की तो शून्य नाही. कोड लिहिणाऱ्यांना लगेच कळेल: इफ लिहिला, एल्स लिहायचा राहिला.

अकरावी-बारावीवाल्यांसाठी अजून एक. साइन २थीटा = साइन थीटा, थीटा ० ते १८० अंशांत. डावीकडे २ साइन थीटा कॉस थीटा लिहायचं, दोन्हीकडचा साइन उडवायचा, कॉस थीटा = १/२, उत्तर ६० अंश. पण ० आणि १८० अंशांना साइन शून्य असतो, तिथेही समीकरण जुळतं. तीनपैकी दोन उत्तरं एका काटेत गेली.

पंगत आणि यादी

आता या एपिसोडमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ताळा आगंतुकाला पकडतो. हरवलेल्याला कधीच पकडत नाही.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. न बोलावता कोणी जेवायला बसलंय का हे बघायचं असेल तर पंगतीत फिरून एकेकाला विचारता येतं, ‘तुम्ही कोणाकडचे?’ पण कोण आलंच नाही, हे पंगतीतल्यांना विचारून कळणार नाही. त्याला आमंत्रणाची यादी लागते. ताळा म्हणजे पंगतीतली विचारपूस. आलेल्या उत्तराची चौकशी होते, न आलेल्याची होत नाही.

म्हणून दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. वर्ग केला असेल, किंवा क्ष असलेल्या पदाने दोन्ही बाजूंना गुणलं असेल, तर शेवटी ताळा करायचा. तोही मूळ समीकरणात. मधल्या कुठल्यातरी ओळीत ठेवून बघितलं तर आगंतुक तिथे आरामात जुळतो. हरवण्यावर मात्र इलाज शेवटी नाही, आधीच करावा लागतो. क्ष असलेलं काहीही दोन्हीकडून उडवू नका. सगळं एका बाजूला आणा आणि सामाईक अवयव बाहेर काढा. क्ष² − ५क्ष = ०, म्हणजे क्ष(क्ष − ५) = ०. आता ० आणि ५ दोघेही समोर उभे आहेत. तसंच क्ष² = ४९ दिसलं की ७ लिहून थांबू नका, −७ पण लिहा.

आमच्या कामात हे रोज दिसतं. समजा शिष्यवृत्तीची यादी काढायची आहे. एका टेबलमध्ये विद्यार्थी, दुसऱ्यात बँक खाती. दोन्ही इनर जॉइनने जोडली, तर ज्याच्या खात्याची नोंद अजून झालेली नाही तो विद्यार्थी यादीतून गुपचूप गळतो. एरर येत नाही. आलेली प्रत्येक ओळ तपासा, बरोबरच निघेल. पण त्या पोराचे पैसे अडकले, आणि स्क्रीनवर त्याचं नावच नाही म्हणून कोणाला पत्ताही लागत नाही. हे पकडायचं तर आधी पात्र विद्यार्थी किती होते आणि यादीत किती आले, हे मोजायला लागतं.

भास्कराचार्यांची माकडं

हे सगळं नव्याने सुचलेलं नाही. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला, त्यातला एक भाग म्हणजे ‘बीजगणित’. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचा. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळं असतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

‘बीजगणिता’त माकडांची दोन उदाहरणं आहेत. पहिलं: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग करा, तेवढी माकडं रानात खेळतायत आणि १२ डोंगरावर आहेत. कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ४८ आणि १६. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. दोन्ही जुळतात, आणि भास्कराचार्य दोन्ही स्वीकारतात. ४८ वर थांबणारा १६ हरवतो.

दुसरं: कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून ३ वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. इथे उत्तरं येतात ५० आणि ५. ५० चा पाचवा भाग १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक १. जुळलं. ५ चा पाचवा भाग १, वजा ३ म्हणजे −२, वर्ग ४, अधिक १ म्हणजे ५. हेही जुळलं! तरी भास्कराचार्य म्हणतात, ५ घेऊ नका. एका माकडातून तीन माकडं वजा करणार कशी? अशी ऋण संख्या लोकांना पटत नाही, हे कारण ते देतात.

म्हणजे समीकरणात जुळलं, पण गोष्टीत जुळलं नाही. दहावीच्या पेपरात ‘वय ऋण असू शकत नाही’ असं लिहून आपण एक उत्तर सोडतो, ते हेच. फक्त सवयीने सोडू नका. पहिल्या उदाहरणात दुसरं उत्तर ठेवलंय, दुसऱ्यात सोडलंय, आणि दोन्ही वेळा निर्णय प्रश्न पुन्हा वाचून झालाय.

थोडक्यात, प्रत्येक स्टेपला विचारा: इथून उलट जाता येतं का? येत नसेल तर कोणीतरी आत आलं असेल. आणि उडवताना विचारा: हे शून्य असू शकतं का? असू शकत असेल तर कोणीतरी बाहेर राहिलं असेल.

जाता जाता एक गृहपाठ:

क्ष × √(क्ष + ६) = क्ष²

घाईघाईत क्ष उडवून, वर्ग करून सोडवलंत तर दोन उत्तरं मिळतील. खरी उत्तरंही दोनच आहेत. पण ती हीच दोन नाहीत. कोण आगंतुक आणि कोण हरवलं, ते शोधा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!