खांदा बसला की जाकीट बसलं

आज बोलायचं आहे ते कामानिमित्त बाहेर पडणाऱ्या बायकांच्या जाकिटाविषयी. आमच्या आटपाडीच्या उन्हात जाकीट कशाला, असं काहीजणी म्हणतील. पण शेजारी म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. २०११ पासून राज्यात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. मुलाखत, बैठक, कर्जाचं प्रकरण, यासाठी सांगली-पुण्याला जाणं आता आलंच. पुरुष शर्टावर कोट चढवतो आणि मोकळा होतो. बाई मात्र एका हातानं पदर सावरते आणि दुसऱ्या हातानं कागद पुढे करते. तो एक हात मोकळा करणं हे जाकिटाचं पहिलं काम. शोभा त्यानंतर.

तयार घ्या किंवा शिवून घ्या, आधी खांदा बघा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे. ती दंडावर उतरली, तर भारी कापडाचं जाकीटही उसनं आणल्यासारखं दिसतं. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, बटण सरकवता येतं. खांदा उसवून पुन्हा बसवायचा म्हणजे जवळजवळ नवं जाकीट शिवणं. छातीच्या मापानं तयार जाकीट उचललं की पुष्कळदा घोटाळा होतो तो इथेच.

ड्रेसवर घालायचं असेल तर फारशी अडचण नाही. जाकिटाची कड कमरेखालच्या सर्वांत रुंद भागावर थांबू देऊ नका, एवढं पुरे. उंची कमी असेल तर कड थोडी वरच बरी.

खरी परीक्षा साडीवर. डाव्या खांद्यावर पदराच्या निऱ्या, त्यावर जाकीट. मग डावा खांदा वर, उजवा खाली. म्हणून मऊ सुती साडी घ्यावी, निऱ्या अरुंद आणि सपाट लावाव्यात आणि शिंप्याकडे माप द्यायला जाताना ती साडी नेसूनच जावं. पदर जाकिटावरून घेण्याचीही पद्धत आहे. दिसते छान, पण मग पदर सावरणं आलंच. मान आखूड असेल तर बंद गळा टाळावा, समोरून उघडा त्रिकोणी गळा घ्यावा.

कापड सुती किंवा खादी. अस्तर पाठीपुरतं आणि तेही सुती, नाहीतर एस.टी.तून उतरेपर्यंत घामानं अंगाला चिकटेल. गुळेदगुड्डच्या खणाची जाकिटं हल्ली बऱ्याचजणी घालतात. मला ती आवडतात, मात्र खाली साडी एकरंगी हवी. खणाचा पन्हा लहान, तेव्हा कापड शिंप्याला विचारूनच घ्या.

ट्रायलच्या वेळी आरशासमोर नुसतं उभं राहू नका. खुर्चीत बसा, सही करताना करतो तसे दोन्ही हात पुढे घ्या. पाठीत ओढलं, तर तिथंच सांगा. आणि आतून एक खिसा मागा, मोबाईल आणि पेन मावेल असा. बायकांच्या जाकिटाला खिसा कशाला, असं शिंपी म्हणेल. तरी लावून घ्या.