फेनवेच्या प्रेक्षकाची फिर्याद

अमेरिकेतील बोस्टन शहरात फेनवे पार्क हे बेसबॉलचे क्रीडांगण १९१२ पासून उभे आहे. रेड सॉक्स संघाचे ते घर. त्या संघाचे पाठीराखे पिढ्यान्‌पिढ्या तेथे बसून दोन कामे करीत आले आहेत: संघावर जीव टाकणे आणि संघाच्या चालकांना नावे ठेवणे. दुसऱ्या कामाची दीक्षा त्यांस १९२० साली मिळाली. मालक हॅरी फ्रेझी ह्यांनी बेब रूथ हा अलौकिक खेळाडू न्यूयॉर्कच्या यँकीज संघाला विकल्याचे त्या जानेवारीत जाहीर झाले. १९१८ साली अजिंक्यपद मिळवलेल्या बोस्टनला ते पुन्हा लाभले एकदम २००४ साली. ही हकीकत तेथील नातवंडांना आजोबांच्या तोंडून पाठ झालेली असते.

बरोबर शंभर वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, जुनी जखम उघडली. मूकी बेट्स हा बोस्टनने स्वतः घडवलेला खेळाडू. अंगलट लहान, पण २०१८ साली आपल्या लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान त्याला मिळाला. त्या वर्षी संघाने १६२ पैकी १०८ सामने जिंकले आणि वर्ल्ड सीरीजही जिंकली. फेनवेचे उजव्या बाजूचे मैदान विस्तीर्ण व वेड्यावाकड्या कोपऱ्यांचे आहे. तेथे चेंडू कोठे उसळेल हे बेट्सला आधीच कळते, असे प्रेक्षकांस वाटे. असा हा गडी लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडे गेला. बदल्यात बोस्टनच्या पदरी तीन तरुण पडले.

चालकांची बाजू पोकळ नव्हती. वेतनखर्चाने ठरावीक मर्यादा ओलांडली की संघाला कर भरावा लागतो, आणि मर्यादा वर्षानुवर्षे ओलांडली तर कराचा दर चढत जातो. २०२० साठी ही मर्यादा २० कोटी ८० लाख डॉलर होती. बेट्सच्या कराराचे एकच वर्ष उरले होते. त्यानंतर तो खुल्या बाजारात उतरला असता आणि संघाच्या हाती फारसे काही उरले नसते. जमाखर्चाच्या वहीत हा हिशेब चोख बसतो. पण ह्याच व्यवहारात डेव्हिड प्राइस हा महागडा पिचरही बेट्सला जोडून देण्यात आला, आणि तेथेच प्रेक्षकाला संशय आला की येथे संघबांधणीपेक्षा बोजा उतरवण्याची घाई अधिक आहे. पुढे जुलैमध्ये, बाजाराचे तोंडही न पाहता, बेट्सने डॉजर्सशी बारा वर्षांचा ३६ कोटी ५० लाख डॉलरांचा करार केला. त्या वर्षी साथीमुळे क्रीडांगणे रिकामी होती. बोस्टनचा संघ आपल्या गटात तळाला गेला, आणि बिचाऱ्या प्रेक्षकाला ओरडण्याचीही सोय राहिली नाही!

तथापि प्रेक्षकाची फिर्याद सर्वस्वी ग्राह्य धरता येत नाही. ज्या महागड्या करारांनी तिजोरीवर ताण आणला, त्यांचे स्वागत करणाऱ्यांत तोही होता. शिवाय बेट्सवाचून २०२१ साली संघाने ९२ सामने जिंकले, यँकीजना बाद फेरीत घरी पाठवले. त्या शरदात फिर्यादी गप्प होता.

त्याचे खरे गाऱ्हाणे निराळे आहे. विजयानंतर एका वर्षाच्या आत, २०१९ साली, डेव्ह डोम्ब्रोव्स्की ह्यांना निरोप मिळाला. त्यांच्या जागी आलेल्या खाइम ब्लूम ह्यांना २०२३ साली मिळाला. मालक मात्र तेच राहिले. हुकूम कोणाचा आणि सही कोणाची, हे ओळखण्याइतका प्रेक्षक जाणता असतो. जानेवारी २०२३ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील मेळाव्यात त्याने ब्लूम आणि मालक जॉन हेन्री ह्या दोघांचीही हुर्यो उडवली. हे त्याच्या न्यायबुद्धीला शोभणारे होते. २०२४ साली मुंबईत वानखेडे स्टेडियमवर रोहित शर्मांच्या जागी आलेल्या हार्दिक पंड्या ह्यांची हुर्यो झाली, तेव्हा नेमणूक करणारे सुखरूप राहिले आणि बोलणी खाल्ली ती नेमलेल्याने.

त्या जानेवारीतच राफाएल डेव्हर्सला दहा वर्षांच्या कराराने बांधून घेण्यात आले. एक गेला तरी एक राहिला, असे समाधान प्रेक्षकाने मानले. २०२५ साली मात्र अॅलेक्स ब्रेगमन ह्यास आणून डेव्हर्सची नेहमीची जागा काढून घेतली गेली. मग, दुसरा खेळाडू जायबंदी झाल्यावर, पहिल्या बेसवर उभा राहा, असे त्यास सुचवण्यात आले. त्याने नकार दिला आणि जूनमध्ये त्याची सॅन फ्रान्सिस्कोला रवानगी झाली. ह्या वेळी प्रेक्षकांत फूट पडली. काहींनी खेळाडूचा हट्ट पाहिला, काहींनी त्याला आधी दिलेला शब्द आठवला. दुसऱ्यांचे म्हणणे अधिक वजनदार होते, कारण हट्टाला निमित्त चालकांनीच पुरवले होते.

त्या शरदात बोस्टनचा संघ यँकीजकडून हरून लवकर घरी परतला. नोव्हेंबरच्या आरंभी टोरांटोत वर्ल्ड सीरीजचा सातवा सामना अकराव्या डावापर्यंत लांबला. शेवटचा सरपटता चेंडू मूकी बेट्सच्या हाती आला. दुसऱ्या बेसवर पाय टेकवून त्याने तो पहिल्या बेसकडे फेकला, आणि डॉजर्स पुन्हा अजिंक्य ठरले. बेट्सचे हे चौथे अजिंक्यपद. त्यांतले बोस्टनच्या वाट्याला आले ते एकच.