कागदाची जबानी



वि. का. राजवाड्यांच्या नावाने १९२७ साली धुळ्यात स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने जुनी दप्तरे जतन केली, त्या खानदेशात कागदाच्या साक्षीचे मोल मी सांगावयास नको. मात्र दप्तरातील कागद दुसऱ्याने लिहिलेले बोलतो, आणि आज ज्याविषयी बोलावयाचे आहे, तो कागद रक्ताच्या थेंबाची जबानी स्वतःच नोंदवितो.

दिव्याची वात तेल ओढते तसा गाळणकागद आपल्या तंतूंमधील सूक्ष्म पोकळ्यांतून द्रव पुढे नेतो. त्यास ना पंप लागतो, ना वीज. या केशाकर्षणाला मेणासारख्या जलरोधक द्रव्याच्या भिंती घालून वाट आखून देता येते, हे म्युलर आणि क्लेग यांनी १९४९ सालीच पॅराफिनच्या साहाय्याने दाखविले होते. परंतु निदानाचे साधन म्हणून या कल्पनेस खरी गती मिळाली ती २००७ साली, जेव्हा हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम मूत्राचा एकच थेंब कागदावरील निरनिराळ्या शाखांत वळवून, शाखांच्या टोकांशी वाळवून ठेवलेल्या रसायनांच्या रंगांवरून ग्लुकोज आणि प्रथिने ओळखून दाखविली.

आपल्या मुलखात या विद्येची निकड आहे ती सातपुड्यात. १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्यास तो जडण्याचा संभव एक-चतुर्थांश असतो. या रोगातील हिमोग्लोबिन प्राणवायू गमावताच अविद्राव्य होते, आणि परीक्षानळीत रक्तात प्राणवायू काढून घेणारे डायथायोनाइट मिसळल्यावर द्रव गढूळ झाला की ते असल्याचे कळते. तथापि वाहक कोण आणि रुग्ण कोण हा निवाडा ती नळी करीत नाही. २०१३ साली संशोधक शेव्हकोप्ल्यास आणि सहकाऱ्यांनी हेच मिश्रण कागदावर टाकले, तेव्हा अविद्राव्य अंश तंतूंत अडकून मध्यभागी गडद लाल ठिपका उरला, विद्राव्य अंश भोवती फिकट गुलाबी पसरला, आणि निरोगी, वाहक व रुग्ण यांचे डाग निरनिराळे दिसू लागले.

येथे यंत्राचा खर्च वाचतो, जबाबदारी वाचत नाही. मिश्रणातील डायथायोनाइट हवेने आणि दमटपणाने निकामी होते, तेव्हा पावसाळ्यातील पाड्यावर त्याची साठवण हीच पहिली परीक्षा. अर्भकाच्या रक्तात गर्भकालीन हिमोग्लोबिन प्रबळ असल्याने, आणि नुकतेच रक्त चढविलेल्या रुग्णात दात्याचे रक्त मिसळलेले असल्याने, विद्राव्यतेवर आधारलेल्या चाचण्या चकवा देऊ शकतात. शिवाय वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे समजावून सांगणारा माणूस नसेल, तर तोच डाग एखाद्या मुलीच्या लग्नात अडसर होऊन बसेल.

म्हणून २०२३ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेच्या काळात आपण सरकारदरबारी मागणी करावयाची, ती केवळ कागदी चाचण्यांच्या गठ्ठ्यांची नव्हे: संशयित नमुन्याची जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसने खातरजमा, आणि त्या कुटुंबाशी त्याच्या बोलीत बोलणारा समुपदेशक, ही दोन्ही कलमे त्याच तरतुदीत, त्याच हुकमाने मंजूर झाली पाहिजेत.