गुणवत्तेचे गुण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शासनाचे गुणवत्ता-धोरण आणि विद्यापीठे, असा विषय मला दिला आहे. विषय रुक्ष आहे खरा; परंतु आपल्या मुली उद्या ज्या वर्गात बसणार, त्या वर्गाशी त्याचा संबंध आहे.

१९६१ साली संगमनेरात महाविद्यालय निघाले, तेव्हा चिंता एकच होती : बिडी वळणाऱ्या आईचे मूल पदवीपर्यंत पोहोचेल कसे? पुढे महाविद्यालये वाढली आणि पदवीची किंमत काय, हा प्रश्न आला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मूल्यमापनाचा विचार मांडला गेला. १९९४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बंगळूरला 'नॅक' ही परिषद स्थापन केली. आरंभी हे मूल्यमापन ऐच्छिक होते. २०१२ च्या विनियमांनी ते सक्तीचे झाले. हेतूविषयी माझी तक्रार नाही. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने हिशेब दिलाच पाहिजे.

विद्यापीठांनी काय केले? बहुतेकांनी समित्या नेमल्या, तक्ते छापले आणि तेच तक्ते महाविद्यालयांकडे धाडले. मी स्वतः एका महाविद्यालयात हे काम केले आहे. समिती उद्या येणार म्हणून विद्यार्थ्यांचे अभिप्राय-अर्ज आम्ही चौघांनी रात्री बसून भरले. हस्ताक्षर बदलावे म्हणून पेनेही बदलली. समितीने फाईलचे कौतुक केले. दुसऱ्या दिवशी एका मुलीने मला विचारले, "सर, आम्हाला कुणी विचारलंच नाही, मग लिहिलं कुणी?" मला उत्तर देता आले नाही. ती मुलगी पुढे शिकली की घरी बसली, तेही मला ठाऊक नाही, कारण त्या तक्त्यात तसा रकाना नव्हता. असो.

२०१० मध्ये आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुकीला व बढतीला शोधनिबंधांचे गुण जोडले. बाजारात मागणी आली की माल येतोच. पैसे भरा आणि निबंध छापून घ्या, अशी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. २०१७ साली आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. तिच्यात विद्यापीठांनी सुचविलेली नावेही घेतली, आणि त्याच वाटेने नको ती आत शिरली.

इथे आपल्याच पुणे विद्यापीठाचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. तेथील अभ्यासकांनी, डॉ. भूषण पटवर्धन त्यांत होते, विद्यापीठांनी सुचविलेली १००९ नियतकालिके प्रत्यक्ष तपासली. पत्ता आहे का, संपादक खरे आहेत का, एवढे साधे प्रश्न विचारले, तरी सुमारे ८८ टक्के निकषांत बसली नाहीत. २०१८ साली ते निष्कर्ष 'करंट सायन्स'मध्ये छापून आले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून चार हजारांवर नावे काढली आणि नव्या 'केअर' यादीच्या कामासाठी पुणे विद्यापीठातच कक्ष झाला. ती यादीही २०२५ साली आयोगाने बंद केली आणि निवडीची जबाबदारी पुन्हा संस्थांवर आली. म्हणजे वीस हातांनी गाळलेले पाणी अखेर घरीच गाळायचे!

माझ्या मते शासनाच्या धोरणाला खरा प्रतिसाद दिला तो या तपासणीने. बाकीच्यांनी तक्ता भरला. यांनी तक्ताच पडताळून पाहिला.

आता आपले. उद्या वरिष्ठ महाविद्यालय काढावे असे आपल्या संस्थेच्या मनात आहे. आनंद आहे. तोवर एक वही घाला. दहावी झालेल्या आपल्या मुलींपैकी अकरावीला किती गेल्या, पदवीला किती पोहोचल्या, आणि ज्या थांबल्या त्या कशामुळे थांबल्या : लग्न, फी, एस.टी.ची वेळ, की वर्गातला कंटाळा? घरी जाऊन विचारा आणि मुलीच्या तोंडचे उत्तर लिहा. कोणीही ही वही मागणार नाही, तिला गुणही नाहीत. पुढच्या वर्षी मला बोलावले नाही तरी चालेल, पण ती वही बघायला मी येईन. चहा तेवढा ठेवा.